उघड्या हातांची अट

"हात सैल सोड गो बाय. ताठ हाताक सुई जास्त चावता."

गोंदणारणीचा तो आवाज आठ वर्षं तुळसाच्या कानात घर करून बसला होता. घोगरा, तंबाखूने भाजून निघालेला, आणि ओवीवर चढला की एकदम मऊ होणारा. ती बाई कुठल्या गावची, नाव काय, वाडीत कुणालाच ठाऊक नव्हतं. शिमगा उलटला की सुयांची पुरचुंडी आणि काजळाची वाटी घेऊन ती देवगडच्या किनाऱ्याने वाड्या-वाड्यांतून हाका घालत जायची. त्या शुक्रवारी ती तुळसाच्या घरापुढच्या खळ्यात बसली होती. सुगंधाचा उजवा हात मांडीवर घेऊन, कोपरापासून मनगटापर्यंत ती तुळशीवृंदावन उतरवत होती आणि सुईच्या ठेक्यावर, सरणापर्यंत सोबत येणाऱ्या गोंदणाची ओवी गात होती :

सोन्याची गो पाटली, चोर काढून नेतलो
गोंदणाचो काळो ठिपको, सरणार वांगडा येतलो

सुगंधाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. "आये, दुखता गो," ती म्हणत होती. तुळसा तिच्या पाठीशी बसून तिचा खांदा धरून होती. बघणाऱ्याला वाटलं असतं, आई लेकीला धीर देते आहे.

हे झालं अठ्ठावन्न साली. आता सहासष्टचा मे संपत आला होता. पावसाआधीच्या शेवटच्या आगबोटी मुंबईला आंब्याच्या पेट्या घेऊन जात होत्या, आणि येताना माणसं आणत होत्या. त्यांतल्याच एका बोटीने सुगंधा घरी आली. होडीतून उतरली तेव्हा तिच्यामागे एक ट्रंक उतरली, आणि ट्रंकेमागे गोणपाटात गुंडाळलेलं शिवणयंत्र.

रजेवर येणारी माणसं शिवणयंत्र आणत नाहीत.

"किती दिवस रवतलंस?" तिने विचारलं.

"तू हाकलून घालीसर." सुगंधा हसली. दिवसभर दुकान उघडं ठेवून सांजेला फळ्या लावणाऱ्या माणसाचं असतं तसं ते हसू होतं. उन्हाने किनारा करपत होता आणि हिच्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं. आठ वर्षांत तुळसाने तिला दुसऱ्या पोलक्यात पाहिलं नव्हतं.

पंधराव्या वर्षी सुगंधा मुंबईला गेली ती काका गुणाजीच्या खोलीवर स्वयंपाकाला. गुणाजी कापडगिरणीत होता. त्याने वर्षभरात तिला गिरणीच्याच फोर्टातल्या दुकानात चिकटवून दिलं, साड्यांच्या घड्या घालायला. तिथे साडी नेसून व्यापाऱ्यांपुढून चालणाऱ्या दोन मुली होत्या. एक दिवस त्यांतली एक आली नाही, आणि दुकान सांभाळणाऱ्या पारशीण बाईने घड्या घालणाऱ्या सुगंधाला उभं केलं. उंच पोरगी, लांब मान, आणि चालताना डोकं जागचं हलत नाही. बाईने विचारलं, हे कुठे शिकलीस? सुगंधा म्हणाली, "डोक्यावर मासळीची पाटी असली की हलून चालत नाही. पाणी मानेवर गळतं." बाई पोट धरून हसली. मग गंभीर होऊन म्हणाली, हे गिऱ्हाइकापुढे पुन्हा बोलायचं नाही.

तीन-साडेतीन वर्षांनी पॅरिसहून एक कपडे बेतणारी बाई आली. गिरणीच्या रेशमाचे तिच्या पद्धतीचे कपडे करून ती तिथल्या लोकांपुढे मांडणार होती, आणि ते अंगावर घालून चालायला तिला इथली मुलगी हवी होती. तिने सुगंधाला फितीने मोजलं. मान, दंड, घोटा, कानापासून खांद्यापर्यंतचं अंतर, काय काय मोजलं. नऊ महिन्यांचं बोलणं झालं, आणि लोकांना आवडली तर पुढे रोम आणि लंडन. पासपोर्टही झाला. जाण्याआधी दहा दिवस आईकडे म्हणून सुगंधा घरी आली, आणि तुळसाने विचारलं, "ह्या पॅरिस खंयच्या मुलखात आसा?"

"फ्रान्सात."

तो मुलूख तुळसाच्या ओळखीचा होता. तिचा नवरा लवू परदेशी बोटीवर खलाशी होता. लढाई संपली त्याच्या पुढल्या साली त्याचं शेवटचं कार्ड आलं. त्यावर डोंगरावरच्या देवळाचं चित्र होतं आणि पोस्टमन परशुरामाने तिकीट बघून सांगितलं होतं, फ्रान्स. नंतर बोटीच्या कचेरीचा कागद आला. इसम बंदरात उतरला तो बोटीवर परत आला नाही. बुडाला म्हणावं तर तसं लिहिलेलं नाही, जिता आहे म्हणावं तर पत्र नाही. सुगंधा तेव्हा सात वर्षांची होती. वीस वर्षं तुळसा कुंकू लावत आली आणि रोज लावताना तिचा हात एकदा थांबत आला.

त्या दहा दिवसांत एक पत्र आलं. सुगंधा मावशीकडे जामसंड्याला राहायला गेली होती. पत्र पारशीण बाईने दुकानातल्या कारकुनाकडून मराठीत लिहवून घेतलं होतं, खास सुगंधाच्या आईला. तुळसाला अक्षर येत नव्हतं. परशुराम पायरीवर बसला, चष्मा पुसला आणि वाचू लागला. मुलीला उन्हात फिरू देऊ नये. चुलीशी बसू देऊ नये. चेहरा, मान आणि हात यांवर जखम, भाजल्याचा डाग, गोंदण असे काहीही असू नये, कारण कपडे बिनबाह्यांचे आहेत आणि हात उघडे राहणार आहेत. निघण्यापूर्वी ते पाहिले जाईल. खूण आढळल्यास नेता येणार नाही.

"चेडवाक सांग हां तुळसा, विसरशीत," परशुराम उठताना म्हणाला.

"सांगतंय," ती म्हणाली.

तो वार होता बेस्तवार, म्हणजे गुरुवार. दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधा जामसंड्याहून परतली आणि दुपारी वाडीच्या तोंडाशी गोंदणारणीची हाक उठली. कोकणातल्या कुठल्या आईने लेकीला गोंदवल्याशिवाय दूरदेशी धाडलं असतं? कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. सुगंधालाही नाही. तिने स्वतःच हात पुढे केला. आणि शनिवारी, हात सुजून निळा-हिरवा झालेला असताना, तुळसाने तांदळाच्या मडक्यातून पत्र काढून तिच्यापुढे धरलं. "ह्या आज इला," ती म्हणाली.

सुगंधाने वाचलं. पुन्हा वाचलं. मग आपल्या हाताकडे ती इतका वेळ बघत राहिली की तुळसाला वाटलं, आता ही ओळखणार. आता ही किंचाळणार. सुगंधाने पत्राची घडी घातली, दुकानात साडीची घालते तशी नेटकी, आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"तुका काय म्हायती, आये," ती म्हणाली. "तुका खंय वाचूक येता."

तुळसा मार खायला तयार बसली होती, आणि वाट्याला आली माया. तेव्हापासून आठ वर्षं ती माया तिला पुरून उरली होती. दर महिन्याला मनिऑर्डर, दर दिवाळीला लुगडं, दर पत्रात 'तू मनाला लावून घेऊ नकोस'. परशुरामाची त्याच पावसाळ्यात रेडीला बदली झाली. जाताना निरोप घ्यायला आला तेव्हा त्याने सुगंधाची चौकशी केली, तुळसाकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि पाणी पिऊन गेला. दोन वर्षांपूर्वी तो तिकडेच वारला. आता हे ठाऊक असलेली ती एकटी होती.

पॅरिसच्या बाईने म्हणे त्या गोंदणावरून बोट फिरवलं होतं. फार सुंदर आहे, म्हणाली. त्याचा फोटोही काढून घेतला. मग पावडर लावून बघितली, पण दिव्यांच्या झोतात घाम फुटला की पावडरीखालून तुळस पुन्हा हिरवी उगवायची. शेवटी दुसरी मुलगी गेली. सुगंधा दुकानात राहिली, लांब बाह्यांत, आणि पुढे पुढे नव्या मुलींना चालायला शिकवणारी झाली. तिने शिकवलेल्या पोरी एकेक करून समुद्रापार गेल्या आणि ती धक्क्यावर त्यांना पोचवून येत राहिली.

सुगंधा आल्याच्या तिसऱ्या दिवशी, उन्हं उतरल्यावर, शेजारची राधाबाई सुनेला घेऊन खळ्यात येऊन बसली. सून सावित्री नवी होती, मुंबईचं काही म्हटलं की डोळे मोठे करणारी.

"काय गो सुगंधा," राधाबाईने पायावर पाय टाकत सुरू केलं, "इतकी वर्सा बम्बयत चललंस, पोचलंस खंय?"

"भित्तीपर्यंत जावचा, वळाचा, परत येवचा," सुगंधा म्हणाली. "थंय पोचाचा नसताच, राधाकाकी."

"ह्यां बरा! आमी देवगडच्या बाजारापर्यंत चललव तर निदान पाटी रिकामी होता."

सावित्री फिसकन हसली. मग धीर करून म्हणाली, "चलान दाखवा ना, ताई."

सुगंधाने नाही नाही म्हटलं आणि मग उठली. सारवलेल्या खळ्यात, सुकत घातलेल्या बांगडा मासळीच्या दोन ओळींमधून ती चालली. पदर नुसता वाऱ्यावर सोडल्यासारखा खांद्यावर, हनुवटी समुद्राच्या रेषेत, आणि पाय असे पडत होते की खालच्या शेणाला ते कळू नयेत. माडापाशी वळली. वळताना क्षणभर थांबली, जणू कुणी हाक मारली आणि तिने ऐकलं नाही. राधाबाईने पायावरचा पाय खाली घेतला. तुळसा उंबऱ्यात बसून बघत होती. लेकीला असं चालताना तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं, आणि तिला वाटलं, एवढं मोठं गलबत आपण ह्या एवढ्याशा खाडीत बांधून घातलं.

"आणि परदेशाक जावक मगे काय लागता?" सावित्रीने विचारलं. "रूप?"

"रूप गावता गो. उंची, मान, सगळा गावता." सुगंधा खाली बसली, पाय पुढे पसरले. "हे पाय बघ. वाळवेर चलान पसारलेले. तेंच्या चपलेत चार बोटां जातत, पाचव्याक भायर रवाचा लागता. तरी मी चललंय, रक्ताळल्या पायांनी चललंय. चलाक येता सगळ्यांका. जी टिकता ना, ती येगळी असता. माझ्या जाग्यार गेलली ती माझ्यासून ठेंगणी. पण तिका इंग्लिश येय, आणि चार तास तेंच्या जेवणाच्या मेजार बसान कंटाळो येवचो नाय. म्हणजे येय, पण कोणाक दिसाचो नाय. आणि माझ्यामागसून गेलल्यो दोघीजणी म्हयन्यात परत इल्यो."

"कित्याक गो?"

"एकीच्या आवशीचा दर आठवड्याक पत्र. कधी येतंस, कधी येतंस. पत्र इला की चार दिवस तिचो पाय जाग्यार पडाचो नाय. आणि दुसरेक घराकडसून कोण लिवायचाच नाय. ती पण परत."

"म्हणजे आवशीन लिवला तरी वायट, नाय लिवला तरी वायट," राधाबाई म्हणाली. "नशीब आमच्या पोटाक असली चालणारी इली नाय ती. आणि तुझा काय अडला? पत्रान की पायांनी?"

सुगंधाने पोलक्याची उजवी बाही कोपरापर्यंत सारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने ती चारचौघांत सारली. गोऱ्यापान हातावर तुळस होती, पान न् पान ठसठशीत.

"ह्यां," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तोच तुळसाला सहन होईना. "पयली माका वाईट वाटायचा. मगे कळला. ज्यो गेल्यो त्यांचो पण जीव सुखी नाय. गावच्या देवीन माका हंय बांधून ठेवल्यान. आवशीच्या हातान बांधल्यान. आता आणखी कित्याक खेचाखेच."

"म्हणजे आता जावचा नाय?" राधाबाईने विचारलं.

"नोकरी सोडलंय, तरी दुकानवाले परत ये म्हणतत. यंदा सहा पोरी जातत, पॅरिस आणि रोम, एक वर्स. तेंका नेसवूक, चालीर नजर ठेवूक कोणतरी होयी. पडद्यामागच्या बायलेचे हात कोण बघणा नाय. शेनवारी दुपारपर्यंत तार घाल, नायतर दुसरी बघतंव, म्हणतत." तिने बाही खाली ओढली. "मी 'येत नाही' म्हणान लिवन ठेवलंय. मशीन हाडलंय. पोलकी शिवतलंय, आयेबरोबर रवतलंय."

राधाबाईने तुळसाकडे वळून पाहिलं. "तुळसा, भाग्य तुझा गो! असा चेडू कोणाक गावता?"

तुळसा उठली आणि बांगडे उलटायला गेली. उलटलेलेच पुन्हा उलटले.

शुक्रवारी संध्याकाळी, दोघी जेवायला बसल्या असताना, तुळसाने तोंड उघडलं. "सुगंधा, त्या वर्साक..." ती म्हणाली.

"कोणत्या वर्साक?"

लेकीच्या पानात सोलकढी होती आणि ती बोटाने थेंब टिपत होती, लहानपणी टिपायची तशीच. तिच्या कानशिलाजवळ एक पांढरा केस होता. सत्तावीस वर्षांच्या पोरीला पांढरा केस. तुळसाच्या मनात आलं, मी न सांगता गेले तर ही सुखाने राहील. दिवसा शिवणयंत्र चालेल, सांजेला दोघी भात खाऊ, आणि मी मरेन तेव्हा माझ्या तोंडात पाणी घालायला हिचाच हात असेल. तेवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं. मग आता घास का उतरत नाही?

"त्या वर्साक बांगडो मस गावलेलो," ती म्हणाली. "खा. भात निवता."

रात्रभर तिला झोप लागली नाही, पण तिने कूस बदलली नाही. लेक घरी असली की तिला कळू नये म्हणून आठ वर्षं ती सरळच निजत आली होती.

शनिवारी सकाळी सुगंधा न्हाऊन तयार झाली. तारेचा मजकूर लिहिलेला कागद तिने पदराच्या गाठीत बांधला आणि परडीत एक नारळ घेतला.

"पयली देवळात जातंय," ती चपला शोधत म्हणाली. "देवीक सांगतंय, तुझा ऐकलंय, आता माका हंय सुखान ठेव. मगे तारऑफिसात. तू येतंस?"

तुळसा पायरीवर बसली. वरच्या पायरीवर, जिथे परशुराम बसायचा.

"आये? बरा नाय?"

"नारळ खाली ठेव."

"कित्याक गो?"

"देवीक मधी हाडू नको. तेका देवीन काय एक करूक नाय."

सुगंधा हसली, तेच दमलेलं हसू. "अगो, तू परत तांच घेवन बसलंस? तुका हजार खेपे सांगलंय, तुझो दोष नाय. पत्र उशिरान इला, तेका तू..."

"उशिरान नाय इला." तुळसाने तिला बोलू दिलं नाही. वर बघायचं तिने ठरवलं होतं, आणि तिने बघितलं. "थांब. माका मधी थांबवू नको, नायतर परत भात निवतलो. तुझ्या बापाशीचा शेवटचा कार्ड त्या मुलखातसून इला. तू नाव घेतलंस फ्रान्साचा, आणि माझ्या अंगातसून जीव गेलो. तेका कारण म्हणू नको. कारण असला तरी केला तां मीच."

"काय केला?"

"तां पत्र शेनवारी नाय इला, सुगंधा. बेस्तवारी इला. तू जामसंड्याक होतंस. परशुरामान हंय बसान, माका सगळा वाचून दाखवल्यान. गोंदण नको म्हणान तेच्यात लिवलेला. माका ठावक होतां. आणि दुसऱ्या दिवसा ती बायल वाडयेत्सून जाय होती, तिका मीच हाक मारलंय."